सेक्रेटरी चुकला, म्हणून सोसायटी मोडू नका

एजीएमची, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेची, नोटीस लागली की मुंबईतल्या अनेक सोसायट्यांत वर्षभराचा राग एकदम वर येतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग दुसऱ्या पावसाळ्यातच गळलं, हिशेब उशिरा आले, मिनिट्समध्ये आपलं म्हणणं लिहिलंच नाही. तक्रारी खऱ्या असतात. पण त्या भांडणात अख्ख्या कमिटीने राजीनामा दिला आणि नवीन कमिटीसाठी कोणी पुढे आलं नाही, तर सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयाकडून प्रशासक येतो. त्याचं मानधन सभासदांच्याच पैशातून जातं, आणि कोणता व्हॉल्व्ह कोणत्या विंगचा हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून जाब विचारायचा, पण कमिटी उभी राहील अशा बेताने.

आधी तक्रार कागदावर लिहा आणि ती नक्की कोणाविरुद्ध आहे ते तपासा. पुष्कळदा ती सेक्रेटरीविरुद्ध नसतेच, नियमाविरुद्ध असते. तळमजल्यावाल्यांनी लिफ्टचे पैसे का द्यायचे? कारण आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार, लिफ्टचा खर्च वापर असो नसो, सगळ्यांत सारखा वाटायचा असतो. वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे हे सेवा शुल्कही वन रूम किचनला आणि टू बीएचकेला तेवढंच. पाण्याचे पैसे मात्र नळांच्या संख्येवर आणि आकारावर ठरतात. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) किमान ०.२५ टक्के. उलट नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (फ्लॅट भाड्याने दिल्यावर लागणारं शुल्क) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावले असतील, तर ती सरळ कमिटीची चूक. आपल्या सोसायटीने मंजूर केलेल्या उपविधींची प्रत समोर ठेवून बिल वाचलं की निम्मा राग तिथेच ओसरतो.

उरलेल्या चुका अज्ञानातून, वेळ नसल्यामुळे किंवा लबाडीतून झालेल्या असतात. तिन्हींना एकच शिक्षा देणं, हीच सभासदांची सगळ्यात मोठी चूक. ओळखायचं कसं? व्हाउचर फाइल, बँक स्टेटमेंट आणि गेल्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट शेजारी ठेवा. व्हाउचर सगळी आहेत, पण नोंदी तीन महिने मागे आहेत: वेळ नाही. ऑडिटरने काढलेला दोष ‘ओ’ फॉर्ममधल्या दोषदुरुस्ती अहवालात दुरुस्त दाखवलाय आणि पुढच्या वर्षी पुन्हा आला नाही: अज्ञान होतं, गेलं. तोच दोष तीन वर्षं येतोय, तिन्ही कोटेशनची भाषा शब्दन् शब्द सारखी आहे, मोठी रक्कम रोखीत गेली आहे: इथे कडक व्हायला हवं.

त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला, जे बिघडलं नाही तेही लिहा. हे बहुतेक जण वगळतात, आणि माणसाची पारख नेमकी इथेच चुकते. टाक्या वेळेवर धुतल्या का? मालमत्ता कर थकला का? इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. ते झालं का? पंप बंद पडला त्या दिवशी टँकर किती वाजता आला? मुंबईतल्या अगदी सुरुवातीच्या गृहनिर्माण सोसायट्यांपैकी एक, गावदेवीची सारस्वत सोसायटी, १९१५ साली नोंदली गेली. एवढ्या काळानंतरही या शहरातल्या कितीतरी इमारतींचं पाणी आणि वीज कोणीतरी शेजारी नोकरीवरून आल्यावर, स्वतःच्या जेवणाच्या वेळात सांभाळतो. त्याची किंमत बॅलन्सशीटमध्ये दिसत नाही, म्हणून ती आपण मांडायची.

मग उपाय. वेळ नसेल तर अर्धवेळ अकाउंटंट ठेवा, लिफ्टची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) आणि पंप एकेका सभासदाकडे सोपवा. अज्ञान असेल तर उपविधीचा क्रमांक लिहून सभेच्या आधी, एकट्याला दाखवा; चारचौघांत चूक काढली की समोरचा ती मान्य करण्याऐवजी तिच्यावर अडून बसतो. लबाडीचा संशय असेल तर व्हाउचर क्रमांकासह लेखी पत्र द्या, पोच घ्या, उत्तर नाही आलं तर वॉर्डाच्या उपनिबंधकांकडे जा. पण ‘सगळे चोर आहेत’ असं त्या पत्रात लिहू नका. त्या एका वाक्याने प्रामाणिक खजिनदारही राजीनामा देतो, आणि कागद समजावून सांगणारा तुमचा एकमेव माणूस जातो.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी आणि नोटीस पूर्ण १४ दिवस आधी. म्हणून पत्र ऑगस्टच्या सुरुवातीलाच द्या, म्हणजे विषय अजेंड्यावर येतो. गंभीर आरोप आयत्या वेळच्या विषयांत काढू नका. सेक्रेटरीजवळ कागद नसतात, उत्तर अर्धवट येतं आणि तेच कबुलीसारखं वाटतं. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, दोन तृतीयांश सभासद किंवा २०, यातला लहान आकडा. तो झाला नाही आणि सभा अर्ध्या तासाने पुन्हा भरली, तर तिला कोरम लागत नाही. जमलेले सात-आठ जणच वर्षाचे निर्णय घेतात. तेव्हा वेळेवर बसा.

आभाराचा ठराव मांडाल तेव्हा काम नाव घेऊन लिहा: ‘बी विंगची ड्रेनेज लाइन बदलून घेतली’. आणि जुना सेक्रेटरी पायउतार होताना, कितीही वाद झालेले असोत, दप्तराच्या यादीसोबत त्याच्याकडून आणखी एक पान लिहून घ्या: मीटर केबिनची दुसरी किल्ली कोणाकडे, रात्री येणारा प्लंबर कोण, पावसाळ्यात पहिल्यांदा तुंबते ती जाळी कुठली.