लाईट कमी असताना ६० एचपीची मोटर कशी सुरू करावी

कृष्णाकाठी आमच्या पाणी संस्थेच्या जॅकवेलवर, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीवर, मी ऑपरेटर आहे. ६० एचपीची मोटर, सेंट्रिफ्युगल पंप (फिरत्या चाकाने पाणी बाहेर फेकणारा), स्टार-डेल्टा स्टार्टर. हा स्टार्टर मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर सुरू करतो, मग डेल्टा जोडणीत पूर्ण व्होल्टेजवर नेतो. रात्री थ्री फेज आली की काठावरच्या सगळ्या मोटरी एकदमच सुरू होतात, अन् ४१५ चं व्होल्टेज ३४० वर बसतं. बटण दाबलं तर मोटर नुसती गुरगुरते.

अशा वेळी पहिला हात जातो टायमरकडे, म्हणजे स्टारमधून डेल्टात कधी जायचं ते ठरवणाऱ्या घड्याळाकडे. माझाही गेला होता. आठ सेकंदांचे वीस केले. मोटर अर्ध्या वेगावर अडकली, तशीच डेल्टात गेली, अन् वाइंडिंग काळंठिक्कर. हिशेब नंतर कळला. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. ३४० व्होल्ट म्हणजे ८२ टक्के, पण सुरू होतानाचा जोर उरतो ६७ टक्केच. स्टारमध्ये त्याचाही तिसरा हिस्सा, म्हणजे जेमतेम २२. टायमर कितीही वाढवा, हा आकडा हलत नाही. कमी करायचं ते मोटरवरचं ओझं.

म्हणून आता मी आधी प्रायमिंग पुरं करतो, म्हणजे पंप पाण्याने भरून घेतो, फुटव्हॉल्व्ह (खेचणाऱ्या पाइपच्या तळाची झडप) पाणी धरतोय ना ते बघतो, आणि डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर जायच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करतो. सेंट्रिफ्युगल पंपाला व्हॉल्व्ह बंद असताना सगळ्यात कमी ताकद लागते. (पंख्यासारख्या पात्यांनी पाणी सरळ ढकलणाऱ्या अ‍ॅक्सिअल फ्लो पंपाचं नेमकं उलटं असतं, तिथे हे करू नका.) मग व्होल्टमीटर बघायचा, तोही मोटर सुरू होत असताना. उभ्या मोटरीला ३८० दाखवणारी लाईन स्टार्ट घेताना ३३० वर आली, तर आधी केबल आणि डीपीपासूनचे (ट्रान्सफॉर्मरपासूनचे) जोड तपासा. मोटर उभी असतानाच काटा ३५० च्या खाली असेल तर मी बटणाला हात लावत नाही. शेजारच्या मोटरी पाणी धरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबतो.

बटण दाबल्यावर डोळा घड्याळावर नको, अँपिअरच्या काट्यावर हवा. स्टारमध्ये काटा दीडशेच्या पुढे उडतो, मग घसरत एका जागी ठरतो. तो ठरला की वेग आला, तेव्हाच डेल्टा. टायमर त्यावरून लावा. काटा वरच अडकला तर लगेच बंद करा. दोनदा जमलं नाही तर मोटर थंड होऊ द्या.

डेल्टात गेल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. बंद ठेवून फार वेळ चालवलं तर आतलं पाणी तापतं, सील जातं.

काही ठिकाणी लाईट कमी असली की नो-व्होल्ट कॉइल (लाईट गेली की मोटर तोडणारी कॉइल) धरत नाही म्हणून कॉन्टॅक्टरला, म्हणजे स्टार्टरमधल्या करंट जोडणाऱ्या स्विचला, लाकडी पाचर मारलेली दिसते. लाईट जाऊन आली की मोटर सरळ डेल्टात सुरू होते, सहापट करंट घेऊन. पाचर दिसली की मी आधी मेन स्विच पाडतो, मगच ती उपसतो.

मोटर चालू झाल्यावरही ३५०-३६० व्होल्टवर अँपिअर चढेच राहतात. आमच्या मोटरीचे पूर्ण भाराचे सुमारे ८०. काटा त्यापुढे गेला की डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह दोन-तीन आटे मागे फिरवतो. पाटात पाणी कमी येतं, ज्याची पाणी घ्यायची पाळी असते त्याचा फोन येतो. पहाटे व्होल्टेज सुधारलं की परत उघडतो.