गुरुवारची रात्र आणि जुम्याचा बाजार: उन्हाळ्यातल्या मुंबईची तयारी

मुंबईत जुन्या वस्तू शोधायला निघायचं असेल तर रविवार धरू नका, गुरुवार धरा. मटण स्ट्रीटवरची दुकानं, म्हणजे आपण ज्याला चोर बाजार म्हणतो तो भाग, शुक्रवारी बंद असतो. आणि नेमक्या त्याच दिवशी, अंधार असतानाच, आजूबाजूच्या गल्ल्यांत जमिनीवर पथारी टाकून दुसराच बाजार भरतो. त्याला जुम्याचा बाजार म्हणतात. गुरुवारी संध्याकाळी दुकानं बघायची, रात्र दक्षिण मुंबईत काढायची आणि पहाटे चारला पथारीवर हजर व्हायचं, असा हा बेत आहे. गेली काही वर्षं दर मे महिन्यात मी आणि माझी मावसबहीण तो करतो. यंदा तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणी येणार आहेत, त्यांच्यासाठी लिहायला घेतलं आणि म्हटलं सगळ्यांसाठीच नीट लिहावं.

आधी तारीख ठरवा. मुंबईत पाऊस यायची सरासरी तारीख ११ जून. पण वळवाची एक सर आली तरी पथारीवरचे कागद, पोस्टर आणि लाकूड संपलंच, म्हणून मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापुढे जाऊ नका. मे महिन्यात मुंबईत रात्रीसुद्धा पारा २७ अंशांच्या आसपासच थांबतो आणि हवेतली चिकचिक कमी होत नाही. तरी दुपारी बारा वाजता पत्र्याच्या छपराखाली घासाघीस करण्यापेक्षा रात्रीचा उकाडा कितीतरी बरा. रमझान हल्ली उन्हाळ्याआधीच होऊन जातो, त्यामुळे महम्मद अली रोडवरची ती खास रात्रीची गर्दी या दिवसांत नसते. चालायला जागा मिळते.

अंगात सुती, फिक्या रंगाचे आणि मळले तरी चालतील असे कपडे हवेत. पायात बंद बूट किंवा पट्ट्याच्या चपला घाला, कारण गल्लीत काच, खिळे आणि पाणी तिन्ही असतं. पंचा घ्या. तो घाम पुसायला आणि वस्तू गुंडाळायला उपयोगी पडतो, शिवाय कठड्यावर बसताना खाली घालता येतो. पाण्याच्या दोन बाटल्या घ्या आणि एकीत लिंबू, मीठ, साखर घाला. पैसे रोख ठेवा. दुकानांत फोनवरून पैसे देता येतात, पण पथारीवाल्याला पहाटे चारला नोटाच हव्या असतात, त्याही दहा, पन्नास आणि शंभराच्या. त्या दोन खिशांत विभागून ठेवा. पाचशेची नोट दाखवून दोनशेला मागणाऱ्याशी कोणी घासाघीस करत नाही.

पिशवीची तयारी सगळ्यांत महत्त्वाची. गाण्यांची लाँग प्ले तबकडी, म्हणजे रेकॉर्ड, बारा इंचांची, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर असते. ती नेहमीच्या पाठपिशवीत वाकडी बसते आणि वाकते. कापडी रुंद पिशवी घ्या आणि आत पुठ्ठ्याचे दोन चौकोन टाका. तबकडी त्या दोघांच्या मध्ये, उभी. आडवी कधीच नाही. मी एकदा मिनिटाला ७८ फेऱ्यांची एक जुनी तबकडी वर्तमानपत्रात गुंडाळून लोकलमध्ये मांडीवर घेऊन बसले होते. भायखळ्याला गर्दी चढली, कोणाचातरी डबा लागला आणि आवाजसुद्धा न होता तिचे तीन तुकडे झाले. नाट्यपद होतं. ते तुकडे मी अजून टाकलेले नाहीत. त्या तबकड्या लाखेच्या असतात, पापडासारख्या तडकतात, आणि त्यावरचं गाणं दुसऱ्या कोणाकडे शिल्लक असेलच असं नाही. पुठ्ठे विसरू नका.

तपासणीची अवजारं खिशात मावतील एवढीच. एक छोटी बॅटरी, म्हणजे टॉर्च, फोनची नव्हे, वेगळी, कारण फोनचं चार्जिंग पहाटेपर्यंत पुरवायचं आहे. एक लोहचुंबक: पितळेला ते चिकटत नाही. चिकटलं तर ते पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड आहे, मग विकणारा समईच्या किंवा अडकित्त्याच्या गप्पा कितीही मारो. एक भिंग, एक मोजपट्टी, मऊ सुती फडकं, आणि जुना ट्रान्झिस्टर घ्यायचा असेल तर मोठे सेल. दिव्यांचा (व्हॉल्व्हचा) रेडिओ, ठाण्यात बनलेला मर्फी वगैरे, सापडला तर घरी नेऊन थेट विजेला लावू नका. आतले जुने कपॅसिटर दगा देतात. जाणकाराकडून उघडून घेतल्यावरच लावा.

गुरुवारी चारच्या सुमारास सँडहर्स्ट रोड किंवा ग्रँट रोडला उतरा. दोन्हीकडून चालत जाता येतं. आता भुयारी मेट्रोही ग्रँट रोडला थांबते. संध्याकाळची ही फेरी मुख्यतः शिकण्यासाठी आहे. दुकानात वस्तू हातात घेऊन बघता येते, भाव विचारता येतो, आणि पहाटे पथारीवर तीच वस्तू दिसली की काय मागायचं ते कळलेलं असतं. वहीत भाव लिहून ठेवा. जुने दुकानदार विचारलं तर मनापासून सांगतात. फक्त ‘चाचा, ये कबका है’ असं विचारून ऐकायला थांबायची तयारी हवी.

भोंग्याच्या ग्रामोफोनला मात्र भुलू नका. चकचकीत पितळी भोंगा, नवं पॉलिश केलेली पेटी आणि कुत्र्याचं चित्र असं दिसलं तर ते बहुतेक वेळा हल्ली जोडून तयार केलेलं असतं. शोभेला हवं असेल तर घ्या, पण जुन्याच्या भावाने नको. तबकड्यांना मात्र खरोखर वेळ द्या. ७८ची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं वाजते. नाटकात रंगून पाऊण तास गायली जाणारी पदं गायकांनी त्या तीन मिनिटांत कशी बसवली असतील, हे हातात घेतल्यावर जाणवतं. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातल्या एचएमव्ही कंपनीच्या तबकड्या पुष्कळ दिसतात. वडाळ्याला तयार झालेल्या ‘यंग इंडिया’च्या तबकड्या दिसल्या तर थांबा. ती देशी कंपनी १९३५ची, आणि तिच्याकडे मराठी आवाज भरपूर होते. तबकडी डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून कडेने बघा, वाकलेली लगेच कळते. मग बॅटरीचा उजेड तिरका टाका. नखाला लागणारा ओरखडा असेल तर सोडा, नुसती केसासारखी रेघ चालते. मधल्या भोकाभोवती लेबलवर खूप खरडल्याच्या खुणा म्हणजे ती खूप वाजलेली आहे.

घड्याळांकडे मी जरा संशयानेच बघते. एचएमटी या सरकारी कंपनीने १९६१ साली बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि आपल्या वडिलांच्या पिढीतल्या लग्नांत ती आहेर म्हणून आली. त्यामुळे मागणी मोठी आहे, आणि बाजारात जुन्या यंत्रावर नवी रंगवलेली तबकडी बसवलेली घड्याळं ढिगाने मिळतात. भिंगाखाली अक्षरं फुटलेली किंवा रंग भडक दिसला तर ती तसली. कॅमेऱ्याचं सोपं आहे: त्याच्या लेन्समधून बॅटरीचा उजेड आरपार टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, मुंबईच्या दमट हवेत ती हमखास येते. सिनेमाच्या पोस्टरांवर घड्यांच्या खुणा असणं चांगलं. खरी पोस्टरं घड्या घालूनच टॉकीजला जायची.

काही वस्तू यादीतून आधीच काढून टाका. हस्तिदंत, सांबरशिंग, कातडी यांना हात लावू नका, वन्यजीव कायद्याने ती विक्रीच गुन्हा आहे. मोबाइल आणि लॅपटॉप अजिबात नको, कारण चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराही गुन्हेगार ठरतो. परदेशातून सुट्टीला आलेल्यांनी लक्षात ठेवायचं ते हे की १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्रं, कोरीव वस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. विमानतळावर रडायची वेळ येण्यापेक्षा ती वस्तू बघून इथेच सोडून यावी. ती इथलीच आहे.

सातच्या सुमारास सूर्य बुडतो आणि दुकानांची दारं ओढली जातात. बोहरी मोहल्ल्यात ताज आइस्क्रीमकडे जा. १८८७ पासूनचं दुकान, लाकडी पिंपात बर्फ-मीठ घालून हाताने फिरवलेलं संच्याचं आइस्क्रीम, आणि मे महिन्यात अर्थातच आंब्याचं. जेवण भेंडी बाजारात उरकलं तरी चालेल, पण पोट जड करू नका, रात्र मोठी आहे. खरेदी झालेली असेल तर ती सोबत ओढत फिरण्यापेक्षा गिरगावात किंवा फोर्टात कोणी ओळखीचं असेल तिथे ठेवा.

रात्रीसाठी दोन-तीन गोष्टी ठरवून ठेवा. बारमध्ये बसायचं असेल तर वयाचा पुरावा घ्या: महाराष्ट्रात बियर-वाइनला २१ आणि बाकीच्या दारूला २५ वर्षं लागतात, आणि दीडनंतर बार बंद होतात. आम्ही बसत नाही. पहाटे डोकं साफ लागतं आणि पारखही. आम्ही मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसतो. तिथून ओव्हल मैदानाकडे चालत जाताना डाव्या-उजव्या हाताला शहराचा तो जुना वारसा उभा असतो ज्याला २०१८मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, समोर गोल कोपऱ्यांच्या, गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती, टोकाला १९३८चं इरॉस सिनेमागृह. दिवसा गाड्यांमुळे वर बघता येत नाही. रात्री एक वाजता ओव्हलच्या कडेला उभं राहिलं की प्रत्येक इमारतीचं नाव कोणत्या अक्षरांत कोरलंय तेसुद्धा वाचता येतं. संध्याकाळी दुकानांत पाहिलेल्या रेडिओंचे आणि घड्याळांचे आकार इथे भिंतींवर सापडतात, आणि मला या रात्रीतला हाच भाग सगळ्यांत आवडतो.

लोकल एकच्या सुमारास थांबतात आणि चारनंतर सुरू होतात. मधल्या वेळात दक्षिण मुंबईत रिक्षा नसते हे पाहुण्यांना सांगून ठेवा. काळी-पिवळी मिळते, पण प्रीमियर पद्मिनी शोधू नका. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची गेली, त्याआधी महिनाभर जुन्या लाल डबलडेकर बस गेल्या. भूक लागली तर सीएसएमटीजवळ भुर्जी-पावाच्या गाड्या असतात. मुली असाल तर तिघी-चौघी मिळून निघा, टॅक्सीचा नंबर घरी पाठवा, ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक बोटाशी ठेवा. इतक्या वर्षांत आम्हाला तो लावायची वेळ आली नाही, तरी.

पहाटे चारला टॅक्सी नळ बाजाराच्या अलीकडेच सोडा आणि चालत आत जा. कामाठीपुऱ्यातल्या ‘दीड गल्ली’ नावाच्या गल्लीत मुख्यतः बूट, चपला आणि कपडे असतात, बाकीच्या गल्ल्यांत काहीही. डाव्या-उजव्या पायाचा जोड जुळतो का ते तिथेच बघा. फोटो काढू नका. तिथे माणसं राहतात, पोट भरतात, आणि आपल्या हौसेसाठी त्यांचे चेहरे कोणाच्या फोनमध्ये जाऊ नयेत. पोलिसांची गाडी वळली की ताडपत्र्या डोळ्यांदेखत गुंडाळल्या जातात, म्हणून वस्तू हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. भाव पहिल्यांदा त्याला सांगू द्या. वहीतला दुकानचा भाव आठवा आणि त्याच्या निम्म्याने सुरुवात करा, पण बोहनीचं गिऱ्हाईक असाल तर एकदा कबूल केलेल्या भावावरून मागे फिरू नका. सकाळची पहिली विक्री मोडली की त्या माणसाचा दिवस मोडतो. सहाच्या सुमारास उजाडलं की चांगला माल गेलेला असतो, तेव्हा तुम्हीही निघा.

घरी आल्यावर तबकड्या खिडकीत, गच्चीवर किंवा उभ्या गाडीत ठेवू नका. मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत लाँग प्ले तासाभरात द्रोणासारखी होते. लाखेच्या तबकडीला सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते. कोरडं मऊ फडकं पुरे. लाँग प्लेची सुई ७८वर टेकवू नका. कपडे थेट गरम पाण्यात, बूट दोन दिवस वाऱ्याला. प्रत्येक वस्तूमागे एका चिठ्ठीवर तारीख, गल्ली आणि दिलेला भाव लिहा, आणि मग पडदा ओढून दुपारपर्यंत झोपा.