अतिस्थूल मुलाचे हृदय आणि फुप्फुसे : तपासणीची सुरुवात रात्रीपासून करावी

खूप वजन वाढलेले मूल जिना चढताना धापा टाकते हे सर्वांनाच दिसते. पण श्वासाचा अडथळा अनेकदा झोपेत जास्त स्पष्ट कळतो. खानदेशात उन्हाळ्यात घरातील सगळे गच्चीवर किंवा धाब्यावर (मातीच्या सपाट छतावर) झोपतात, तेव्हा हे पाहणे सोपे जाते. मूल आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री घोरते का, घोरणे मध्येच थांबून छाती नुसतीच हलत राहते आणि मग आचका देऊन श्वास सुरू होतो का, ते मान मागे टाकून किंवा बसूनच झोपते का, याकडे लक्ष द्यावे आणि मोबाईलवर त्याचे चित्रीकरण करून ठेवावे. 'किती गाढ झोपलाय' असे आजी कौतुकाने म्हणते, तीच झोप गळ्याभोवतीची चरबी आणि वाढलेले टॉन्सिल यांमुळे रात्रभर मोडत असते. रक्तातील ऑक्सिजन वारंवार घसरतो आणि रक्तदाब वाढू लागतो. सकाळची डोकेदुखी, वर्गातील डुलक्या, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा लागणे, हेही डॉक्टरांना सांगावे.

रक्तदाब मोजताना पट्ट्याकडे आवर्जून पाहावे. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच वाढलेला येतो. पट्ट्यातील हवेच्या पिशवीने दंडाच्या घेराचा किमान 80 टक्के भाग व्यापला पाहिजे. मुलाला पाच मिनिटे शांत बसवून मगच मोजावे. 13 वर्षांपासून पुढे 130/80 किंवा अधिक रक्तदाब वेगवेगळ्या तीन भेटींत आढळल्यास तो उच्च समजतात. त्याहून लहान मुलांसाठी वय, लिंग आणि उंचीनुसार तक्ते असतात. मग हृदयाची भिंत जाड झाली आहे का, हे इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पाहतात. प्रत्येक धाप दम्याची नसते, म्हणून फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी होईल का, हे विचारावे. चालू असलेला दम्याचा पंप (इनहेलर) मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

उपास घडवून वजन उतरवण्याच्या फंदात पडू नये. शेवभाजीतील शेव आणि तर्री कमी करावी, पापड-लोणचे रोज नको. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी खुशाल राहू द्यावी. जळगाव-भुसावळचा पारा वैशाखात 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा चालणे उजाडताना किंवा दिवेलागणीनंतरच ठेवावे. चालताना छातीत दुखले, भोवळ येऊन मूल पडले किंवा ओठ निळे पडले, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याला थेट रुग्णालयात न्यावे.