काचेआडची स्टेनगन कशी बघावी

युद्धसंग्रहालयात लोक अमेरिकन थॉम्पसनपुढे रेंगाळतात आणि ब्रिटिश स्टेनपुढून सरळ निघून जातात. दोन्ही दुसऱ्या महायुद्धातल्या सबमशीनगन, म्हणजे पिस्तुलाच्या गोळ्या सलग झाडणाऱ्या हलक्या बंदुका. मी आयटीआयमध्ये पत्राकाम शिकवलं, म्हणून आवर्जून सांगतो: स्टेनपुढे थांबा.

आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा डबा शोधा. ते खाली नसतं, डावीकडे आडवं निघतं. लँचेस्टर या दुसऱ्या ब्रिटिश सबमशीनगनचंही तसंच असतं, पण तिचा दस्ता रायफलसारखा लाकडी आणि नळीभोवती भोकांचं आवरण. स्टेनचा दस्ता बहुधा नुसती वाकवलेली नळी किंवा सळई.

मग मार्क, म्हणजे स्टेनची आवृत्ती ठरवा. पुढे लाकडी मूठ आणि तोंडाशी शंकूसारखा भाग दिसला तर मार्क १. लाकडी दस्ता, लाकडी पिस्तुलमूठ आणि संगीन लावायची सोय असेल तर मार्क ५. १९४४ मध्ये नेदरलँड्समधल्या आर्न्हेमला उतरलेल्या ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांकडे ही होती. सर्वांत जास्त बनली ती मार्क २.

माझी आवडती मार्क ३. तिच्या पाठीवरून लांब उभार गेलेला दिसेल. पत्रा गुंडाळून कडा तिथे वेल्ड केल्या आहेत. ही बनवली लाइन्स ब्रदर्सनं, म्हणजे खेळणी करणाऱ्या कारखान्यानं! पत्र्याला आकार देणारे प्रेस आणि ते चालवणारे हात तिथे आधीपासून होते. १९४० मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कहून माघार घेताना ब्रिटनची शस्त्रं मागे राहिली, अमेरिकेची थॉम्पसन महाग पडत होती. १९४१ मध्ये शेपर्ड आणि टर्पिन यांनी एनफिल्डच्या सरकारी शस्त्रकारखान्यात स्टेनचा आराखडा केला, तो साध्या वर्कशॉपलाही झेपेल असा. त्या वेल्डला ओबडधोबड म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. घाई आहे, पण जोड कुठे हवा आणि कुठे नको याचा विचार पक्का आहे.

मॅगझिन वेगळं काढून ठेवलं असेल तर वरून तोंड बघा. जर्मन धर्तीचं हे मॅगझिन ३२ गोळ्यांचं. दोन रांगा वर येता येता एकीत दाबल्या जातात. कचरा गेला किंवा ओठ, म्हणजे तोंडाच्या कडा, जरा वाकले की गोळी अडते, म्हणून सैनिक दोन-चार कमीच भरत. २७ मे १९४२ रोजी प्रागमध्ये हायड्रिख या नाझी अधिकाऱ्यावर नेम धरलेल्या गाब्चिक या चेकोस्लोव्हाक सैनिकाची स्टेन चाललीच नाही; त्याचा साथीदार कुबिश यानं बाँब फेकला.

शेजारी स्टेननंतरची ब्रिटिश सबमशीनगन स्टर्लिंग असेल तर तिचं वक्र मॅगझिन ताडून बघा. तिचा रचनाकार पॅचेट यानं आत रोलर बसवून गोळ्यांची वाट सुकर केली. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्याला दिसायची ती कार्बाइन हीच, कानपूरला बनलेली.