ईपीएबीएक्स बिघडला? कार्ड बदलण्याआधी या चुका टाळा

ईपीएबीएक्स म्हणजे इमारतीतले सगळे फोन बाहेरच्या लाइनशी जोडणारं मशीन; कार्ड म्हणजे त्यातला सर्किट बोर्ड. पावसाळा लागला की गोव्यातल्या हॉटेलांत, दवाखान्यांत एकच तक्रार सुरू होते: फोनमध्ये खरखर येते, बहुतेक कार्ड गेलं. बऱ्याचदा कार्ड ठणठणीत असतं. दोष असतो तारेत, अर्थिंगमध्ये नाहीतर बॅटरीत.

म्हणून आधी मशीन उघडू नका. क्रोन मॉड्यूलवर, म्हणजे तारा जोडायच्या पट्टीवर, बाहेरून येणारी लाइन सोडवा आणि तिथेच साधा फोन लावून ऐका. तिथेही खरखर असेल तर मशीनचा काही संबंध नाही. तांब्याच्या लाइनवर रिसीव्हर खाली असताना मल्टिमीटर साधारण 48 व्होल्ट डीसी दाखवतो. आकडा बराच खाली असेल तर कुठेतरी जॉइंट ओला आहे. कळंगुट, मिरामारसारख्या किनाऱ्यालगतच्या भागात खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवा थर चढतो. तार पिळून वर काळी टेप गुंडाळणं इथे चालत नाही. जेली भरलेले कनेक्टर वापरा. आणि हे काम ओल्या हातांनी नको. मध्येच रिंग आली तर 75 व्होल्ट एसीच्या आसपासचा झटका बसतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक अर्थिंगची. लाइनवर विजेपासून संरक्षणाला गॅस ट्यूब बसवलेली असते, तीन पायांची छोटी नळी. दोन पाय लाइनच्या दोन तारांना, मधला अर्थला. वीज कडाडली की ती जादा दाब जमिनीत सोडते. पण मधल्या पायाची तार लोंबकळत असेल तर दाब जाणार कुठे? थेट ट्रंक कार्डात, म्हणजे बाहेरची लाइन जोडलेल्या कार्डात. त्यात आपली जमीन जांभ्याची. उन्हाळ्यात खडखडीत कोरडी होते आणि नेमका मे महिन्यात, वळवाच्या गडगडाटात, अर्थ कमजोर पडतो. एप्रिलपासून अर्थ पिटमध्ये, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यात, पाणी घालत जा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये 2-3 व्होल्टांहून जास्त दिसलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. एकदा मोठा तडाखा खाल्लेली ट्यूब वरून चांगली दिसली तरी बदलाच, कार्डापुढे तिची किंमत किरकोळ आहे.

वीज गेली की यंत्रणा बंद पडते? बॅटरी नुसती मोजून समाधान मानू नका. मरायला टेकलेली 12 व्होल्टची बॅटरीही तिच्यावर लोड नसताना 12.5 दाखवते. मेन स्विच बंद करून, यंत्रणा चालू ठेवून मोजा. काही मिनिटांत 11 च्या खाली घसरली तर ती भंगारातच.

सगळ्याच एक्स्टेन्शनवर (आतल्या फोनवर) गुणगुण असेल किंवा यंत्रणा आपोआप रीस्टार्ट होत असेल, तर पॉवर सप्लायचे फुगलेले कपॅसिटर बघा. त्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा आणि 105 अंशांचा घ्या. स्वस्तातला 85 अंशांचा बंद खोलीत लवकर सुकतो. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टांवर डीसी राहू शकतं, तेव्हा हे काम जाणकारालाच द्या.

आता अनेकांकडे फायबर आला आणि नवीन भानगड सुरू झाली: समोरच्याने फोन ठेवला तरी लाइन अडकून राहते. मोडेम तेव्हा नेमका कोणता टोन देतो, हे मशीनला कळत नाही, म्हणून ते लाइन सोडत नाही. आपल्याकडचा बिझी टोन 400 हर्ट्झचा, 0.75 सेकंद चालू, 0.75 सेकंद बंद. मोडेम आणि ईपीएबीएक्स, दोन्हींच्या सेटिंगमध्ये तो जुळतो का बघा, मग कार्डवाल्याला फोन करा.