विकिपीडियावर उगाच भटकायचंय? मग असं भटका

विकिपीडियाच्या तीन आडव्या रेघांच्या मेनूत इंग्रजीत 'रँडम आर्टिकल' आणि मराठीत 'अविशिष्ट लेख' असं एक बटण असतं, ते दाबलं की कुठलाही एक लेख उघडतो. विंडोजच्या कॉम्प्युटरवर असाल तर अल्ट, शिफ्ट आणि एक्स एकदम दाबा, तेच होतं. पण आधीच सांगते, नुसतं दाबत बसलात तर पाच मिनिटात कंटाळा येणार, मराठीत तर जास्तच, कारण एखाद्या तालुक्यातलं दोन ओळींचं गाव येतं, मग कुठलातरी क्रिकेटर, मग परत गाव. रँडमला काहीतरी नियम लावला की मग खरा खेळ सुरू होतो.

सगळ्यात सोपा नियम म्हणजे तीन वेळा पास म्हणायचं, चौथा लेख मात्र जो येईल तो शेवटपर्यंत वाचायचा, मग तो नॉर्वेतल्या रेल्वे स्टेशनचा का असेना.

पण माझा आवडता प्रकार म्हणजे विकी रेस. दोन लेख ठरवायचे, एकातून निघायचं आणि फक्त लेखातल्या निळ्या लिंकांवरून दुसऱ्याला पोचायचं, सर्च वापरायचा नाही, ब्राउजरमधलं शोधायचं बटणही नाही (भावंडं हमखास इथेच चीटिंग करतात, लक्ष ठेवा). उदाहरणार्थ इंग्रजी विकिपीडियावर वडापाववरून माचू पिचूला जायचंय: वडापावमध्ये बटाटा, बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला म्हणून त्या लेखात पेरू देश आहेच, आणि पेरूत माचू पिचू. तीन क्लिकमध्ये खेळ खलास! अडकलात तर युक्ती एकच, एखाद्या मोठ्या देशाच्या किंवा महायुद्धाच्या लेखावर उडी मारायची, तिथून जगात कुठेही रस्ता फुटतो. म्हणून तर आमच्यात पुढे देशांच्या लेखांवर बंदी आली आणि मग खरी मारामारी सुरू झाली. जमलेले सगळे एकाच वेळी आपापल्या फोनवर खेळू शकतात, कमी क्लिकवाला जिंकला की आधी पोचलेला ते मात्र सुरुवातीलाच ठरवून घ्या. नंतर 'सिक्स डिग्रीज ऑफ विकिपीडिया' नावाच्या साइटवर तेच दोन लेख टाका, ती सगळ्यात जवळचा रस्ता दाखवते आणि तुम्ही किती फिरून आलात ते कळतं.

एकटे असाल तर फिलॉसॉफीचा खेळ. इंग्रजीतला कुठलाही रँडम लेख घ्या, मजकुरातल्या पहिल्या लिंकवर क्लिक करा, कंसातल्या आणि तिरक्या अक्षरातल्या लिंका सोडायच्या, पुढच्या लेखात परत तेच. बहुतेक लेख फिरत फिरत 'फिलॉसॉफी'च्या लेखाला जाऊन धडकतात, काही मात्र गोल गोल फिरत राहतात. कारण साधं आहे, पहिलं वाक्य व्याख्येचं असतं, त्यामुळे प्रत्येक क्लिकला आपण आणखी ढोबळ गोष्टीकडे सरकतो. मराठीत फार नाद करू नका, लेख छोटे आणि लिंका कमी, साखळी बऱ्याचदा मधेच तुटते.

सगळंच रँडम नको असेल तर इंग्रजीत स्पेशल पेजेसच्या यादीत 'रँडम पेज इन कॅटेगरी' शोधा. कुठल्याही लेखाच्या तळाशी कॅटेगऱ्या असतात, त्यातलं नाव जसंच्या तसं तिथे टाकायचं, म्हणजे किल्ल्यांची कॅटेगरी टाकली की दर वेळी एक किल्ला.

आणि आयतं विचित्र हवं असेल तर इंग्रजी विकिपीडियावर 'अनयुज्वल आर्टिकल्स' नावाचं पानच आहे. १९१९ मध्ये बॉस्टनला मोठी टाकी फुटून रस्त्यात काकवीचा पूर आला आणि २१ माणसं गेली, १९३२ मध्ये ऑस्ट्रेलियात सैन्य मशीनगन घेऊन एमूंच्या मागे लागलं आणि एमूच पुरून उरले, असले खरे किस्से तिथे आहेत. रात्री उघडू नका, झोप गेलीच म्हणून समजा.

वाचायचाही कंटाळा आला असेल तर 'लिसन टू विकिपीडिया' नावाची साइट लावून ठेवा. जगात कुठेतरी कोणी लेखात भर घातली की घंटी वाजते, मजकूर कमी केला की तार छेडल्यासारखा आवाज, आणि बदल जितका मोठा तितका सूर खालचा. स्क्रीनवर गोल उमटतात, त्यावर क्लिक केलं की तो बदल उघडतो, हे पण रँडमच की!

मराठीत दमदार वाचायचं असेल तर मात्र मी विश्वकोशाकडे जाते. वाईला तयार झालेले वीस खंड, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी सुरू केलेलं काम, पहिला खंड १९७६ चा, आता नेटवर फुकट आहे. नोंदी अकारविल्हे असल्याने शेजारी शेजारी काहीही येतं, त्यामुळे एक अक्षर धरा, कुठलीही नोंद उघडा आणि तिच्या पुढच्या-मागच्या दोन्ही वाचा. आकडेवारी जुनी असते तेवढं लक्षात ठेवा.