पेंटबॉल बंदुकीचा बिघाड शोधताना या चुका टाळा

पेंटबॉल म्हणजे रंगाने भरलेल्या गोळ्या वायूच्या दाबाने झाडण्याचा खेळ. त्याची बंदूक मध्येच आपोआप झडू लागली, गोळ्या नळीतच फुटू लागल्या किंवा नेम चुकू लागला, की अनेक खेळाडूंचा हात सर्वांत आधी गोळीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूकडे जातो. ही सर्वांत मोठी चूक आहे. यातले पुष्कळसे दोष यंत्रात नसून सिलिंडरमधल्या वायूत किंवा हॉपरमधल्या (बंदुकीवरच्या डब्यातल्या) गोळ्यांत असतात आणि स्क्रू फिरवल्याने ते झाकले जातात, धोका मात्र वाढतो.

टिपमन ९८ सारख्या साध्या ब्लोबॅक (वायूच्याच जोरावर पुन्हा सज्ज होणाऱ्या) बंदुकीत ट्रिगर दाबताच सिअर नावाची अडकण सुटते, दाबलेली स्प्रिंग हॅमरला (मागच्या ठोकळ्याला) पुढे ढकलते, हॅमरला दांडीने जोडलेला पुढचा बोल्ट ०.६८ इंची गोळी नळीत सारतो आणि हॅमर व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो तेव्हा सुटलेल्या वायूचा काही भाग गोळीला पुढे फेकतो, तर उरलेला हॅमरला मागे रेटून पुन्हा सिअरमध्ये अडकवतो. वायूचा दाब कमी पडला तर हॅमर सिअरपर्यंत पोहोचतच नाही. अर्ध्या वाटेवरून परत येऊन व्हॉल्व्हवर आदळत राहतो आणि ट्रिगर एकदाच दाबला तरी बंदूक भराभर झडते. झिजलेल्या सिअरमुळेही असे होते, परंतु बंदूक खोलण्याआधी भरलेला सिलिंडर लावून पाहावा.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वापरणाऱ्यांनी तापमानाकडे विशेष लक्ष द्यावे. सिलिंडरमध्ये हा वायू द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानानुसार बदलतो: ० अंश सेल्सिअसला सुमारे ५०० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब), २१ अंशांना सुमारे ८५० आणि ३१ अंशांना १,०५० च्याही वर. सलग गोळ्या झाडल्या की द्रवाची वाफ होताना सिलिंडर गार पडतो, गोळीचा वेग घटतो आणि खेळाडू स्क्रू फिरवून तो वाढवतो. पुढे जेवणाच्या सुट्टीत तीच बंदूक उन्हात तापते आणि पहिलीच गोळी मर्यादेबाहेरच्या वेगाने सुटते. अनेक मैदानांवर सेकंदाला २८० फूट, तर फार तर ३०० फूट वेग चालतो. ३०० फुटांच्या वेगाने जाणाऱ्या तीन ग्रॅमच्या गोळीत सुमारे साडेबारा ज्यूल ऊर्जा असते आणि उघड्या डोळ्यासाठी ती घातक आहे. म्हणून सिलिंडर मैदानावरच्या तापमानाला आल्यावर, दोन गोळ्यांमध्ये काही सेकंद थांबून, क्रोनोग्राफ या वेगमापक यंत्रावरच वेग ठरवावा. टिपमन ९८ मध्ये स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यास वेग कमी होतो, तर मागून स्प्रिंग दाबणाऱ्या काही बंदुकांत त्याच दिशेने तो वाढतो. ही गफलत इतकी सहज होते, की माझ्या मते स्क्रूची किल्ली मैदानावर एकाच जबाबदार माणसाकडे असावी.

नळी खाली रोखून बराच वेळ गोळ्या झाडल्यास द्रव बंदुकीत शिरतो, नळीतून पांढरे धुके निघते आणि वेग बेभरवशाचा होतो. अशा वेळी बंदुकीचे तोंड सुरक्षित दिशेला थोडे वर धरून थांबावे.

गोळीचे कवच जिलेटिनचे असते, त्यामुळे कोकणातल्या किंवा लोणावळ्याच्या पावसाळी हवेत उघड्या पाकिटातल्या गोळ्या ओल शोषून फुगतात, मऊ होतात आणि नळीत फुटतात. गोळी नळीच्या मागच्या तोंडात ठेवल्यावर आपोआप घरंगळू नये, पण फुंकरीने पुढे जावी, इतकीच ती सैल हवी. नळी बंदुकीपासून सुटी करूनच ही चाचणी घ्यावी. एक गोळी फुटली, की पुढच्या साऱ्या वाकड्या जातात. आणखी गोळ्या झाडून नळी साफ होत नाही. मास्क न काढता नळीवर आवरण चढवावे, सिलिंडर व हॉपर उतरवावेत, आत राहिलेला वायू सुरक्षित दिशेला झाडून संपवावा आणि मगच नळी काढून आतून पुसावी.

सिलिंडरच्या जोडाशी फुसफुस ऐकू आली तर तो आणखी आवळू नये. बहुधा तोंडावरची ओ-रिंग (गोल रबरी कडी) कापली गेलेली असते आणि ती बदलणे स्वस्त असते. वायू नळीतून गळत असेल तर व्हॉल्व्हचे सील पाहावे. बिजागऱ्यांवर मारायचा गंजरोधक स्प्रे वापरू नये, कारण त्याने रबर फुगते. पेंटबॉलसाठीच्या तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. मात्र कार्बन डायऑक्साइडऐवजी उच्चदाब हवेचा सिलिंडर असेल तर त्याच्या भरण्याच्या तोंडाला कोणतेही तेल लागू देऊ नये, कारण दाबाखाली ते पेट घेऊ शकते.

सिलिंडर काढताना बंदुकीच्या जोडाऐवजी बाटली स्वतःच्या व्हॉल्व्हपासून सुटली, तर ती अग्निबाणासारखी उडते. अमेरिकेत अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. त्यासाठी व्हॉल्व्ह आणि बाटली यांवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. फिरवताना रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले, तर तिथेच थांबावे, बाटली पुन्हा आवळावी, इतरांना दूर करावे आणि सिलिंडर जाणकाराच्या हाती द्यावा.